मदत हवी आहे: स्ट्रॉबेरी लाल होताना क जीवनसत्त्व येतं कुठून?

नमस्कार मंडळी,

भाची नववीत आहे, वाईला. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने स्ट्रॉबेरी धरलीय (दाजींचं शेत भिलारला, फळांना तोटा नाही). प्रयोग साधा आहे. 10 ग्रॅम फळ कुस्करून गाळायचं, त्यात पाणी आणि चमचाभर भाताची पेज घालायची, मग बेटाडिन (जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध) थेंब थेंब सोडायचं. क जीवनसत्त्व शिल्लक असेतो निळा-काळा रंग उमटून लगेच विरतो. तो टिकला की मोजणी बंद.

हिरवट-पांढऱ्या फळाला 11 थेंब लागले, पूर्ण लाल फळाला 17. आदल्या रात्री कुस्करून उघड्या वाटीत ठेवलेलं लाल फळ मात्र 9 थेंबांतच काळं पडलं.

सर म्हणतात, उन्हामुळे वाढतं. दाजी म्हणतात, साखर उतरली की सगळंच उतरतं. पण पानाखाली दडलेलं फळही लाल होतंच की! आणि वाढतं, तर वाढतच का जात नाही? मी कॉमर्सवाली, दहावीनंतर विज्ञानाशी काडीमोड झालेला. पोरीला पोपटपंची नकोय, समजून घ्यायचंय. कुणी सांगेल का?

— वाईची मावशी

रानहळद:
मावशी, सर आणि दाजी दोघंही निम्मे बरोबर. झाड क जीवनसत्त्व साखरेपासूनच करतं. ग्लुकोजपासून मॅनोज, मग गॅलॅक्टोज असं रूप पालटत शेवटची पायरी मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाघरात) होते. हा मुख्य मार्ग स्मिर्नॉफ आणि व्हीलर यांनी 1998 मध्ये मांडला. उजेडात तो जोरात चालतो.

पण स्ट्रॉबेरीकडे आणखी एक वाट आहे. पिकताना फळ मऊ पडतं ते पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटं होत जातं म्हणून. पेक्टिन म्हणजे मुख्यतः गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाची साखळी. तिचे सुटलेले तुकडे वापरूनही हे फळ क जीवनसत्त्व बनवतं. म्हणजे पाडलेल्या भिंतीच्या विटा नव्या बांधकामाला! यातलं महत्त्वाचं जनुक, 'गॅलयूआर', 2003 मध्ये स्पेनमधल्या मालागाच्या संशोधकांनी दाखवून दिलं. ते मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात घालून जोमाने चालवलं, तर तिथलं क जीवनसत्त्व दुप्पट-तिप्पट झालं.

थांबवतं कोण? गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. मुख्य मार्गावर 'जीजीपी' नावाचं एन्झाइम आहे. ते बनवण्याच्या संदेशात, खऱ्या मजकुराच्या आधी, एक चिमुकला तुकडा असतो. क जीवनसत्त्व भरपूर झालं की पेशीचं वाचनयंत्र त्या तुकड्यावरच अडकतं, पुढचा मजकूर कमी वाचला जातो आणि एन्झाइम कमी बनतं. साठा उतरला की वाचन पुन्हा सुरू. परीक्षकांना हे नक्की सांगा, यावर सहसा कुणी बोलत नाही.

ब्युरेटवाला:
रात्रीच्या वाटीचं कारण सोपं आहे. कुस्करल्यावर पेशी फुटतात, हवा लागते आणि क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण करणारं एन्झाइम मोकळं सुटतं. अखंड फळात वापरलं गेलेलं क जीवनसत्त्व पुन्हा ताजं करणारी यंत्रणा चालू असते, लगद्यात ती कोलमडते.

मात्र 17 थेंबांवर आंधळा विश्वास नको. फळातली इतर क्षपणकारक द्रव्यंही थोडं आयोडीन खातात, शिवाय लाल रसात काळा रंग उशिरा दिसतो. रस पातळ करा, कपाखाली पांढरा कागद ठेवा आणि थेंब न टाकलेला तसाच दुसरा कप शेजारी ठेवा. मिलिग्रॅम काढायचेच असतील तर 500 मिलिग्रॅमची गोळी 1 लिटर पाण्यात विरघळवा. त्यातल्या 20 मिलीत 10 मिलिग्रॅम येतं. त्याला किती थेंब लागतात ते आधी मोजा.

उन्हाचा वाद मिटवायला एकाच रोपावरची काही हिरवी फळं कागदी पिशवीत झाका, काही उघडी ठेवा. आणि लाल झाल्यावरच तोडा, स्ट्रॉबेरी तोडल्यावर आंब्यासारखी पिकत नाही.

वाईची मावशी:
दोघांचेही आभार! बॉलकॉक पोरीला एका झटक्यात कळला. गोळीच्या 20 मिलीला 14 थेंब लागले. दाजींनी कुरकुरत सहा फळांना पिशव्या बांधल्यात. तोडणीच्या बायका विचारतायत, यंदा द्राक्षं लावली का? फळं लाल झाली की आकडे इथेच टाकते.