नेपाळमध्ये मुलांसोबत काम करायचंय, चार आठवड्यांसाठी जावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातली, वय 24, डी.एड. झालंय, एका खाजगी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत चार आठवडे नेपाळला जाऊन मुलांसोबत काम करायचं मनात आहे. एका एजन्सीशी बोलणं झालं. काठमांडूजवळच्या बालगृहात राहायचं, मुलांचा अभ्यास आणि खेळ घ्यायचे, सुट्टीच्या दिवशी भक्तपूर, पोखरा, लुंबिनी फिरायचं. राहणं-जेवण धरून 45 हजार. पैसे साठवलेत.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एजन्सीनं मला काहीच विचारलं नाही. आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला बाहेरचा फोटोग्राफर आला तरी हेडसर चार प्रश्न विचारतात. इथं मी महिनाभर मुलांच्यात राहणार, आणि ना चारित्र्याचा दाखला मागितला, ना अनुभव. ‘निम्मे पैसे पाठवा, कधीही या.’

आईला सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली. ती किल्लारीजवळच्या गावातली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आजी गेली, आई तेव्हा दहा वर्षांची. पत्र्याच्या शेडात राहत असताना शहरातून एक ताई आली होती. पोरींच्या वेण्या घालायची, गाणी शिकवायची, रात्री जवळ घेऊन झोपायची. वीस दिवसांनी ‘संक्रांतीला येते’ म्हणून गेली. आई म्हणाली, “एसटीची वेळ झाली की आम्ही फाट्यावर जाऊन बसायचो. ती वाईट नव्हती गं. पण माय गेली, मग ही पण गेली.” त्या ताईचं नाव आईला अजून पाठ आहे.

तेव्हापासून फॉर्म तसाच पडलाय. मला जायचंच आहे, पण तिथल्या पोरांना असं फाट्यावर बसवून यायचं नाही. चार आठवड्यांत खरंच उपयोगी पडेल असं काय करता येईल? एकटीनं फिरणं जमेल का? आणि आधारकार्डावर जाता येतं का?

प्रतिसाद, परभणीहून

बेटा, मी निवृत्त शिक्षक. पोखऱ्याजवळच्या एका सरकारी शाळेत दोनदा काम केलंय. बालगृहासाठी पैसे भरू नकोस. तिकडची बहुतेक बालगृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागातच आहेत, आणि त्यातल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप हयात आहेत. 1996 ते 2006 च्या यादवीत हुमलासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून दलालांनी ‘शहरात शिकवतो’ म्हणून मुलं आणली, आईबापांकडून पैसेही घेतले आणि पोरं अनाथ म्हणून दाखवली. पाहुण्यांचे पैसे येत राहिले, मग मुलांना घरी कोण सोडतंय? 2015 च्या भूकंपानंतर तर आईबापांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला सरकारनं बंदी घातली होती.

तू शाळा बघ, आणि तिथल्या बाईंच्या हाताखाली काम कर. वर्ग त्यांचाच राहू दे. वाचनाचे तक्ते, गणिताचं साहित्य त्यांच्यासोबत बनव. नेपाळी देवनागरीतच लिहितात, चार दिवसांत वाचायला लागशील. तू निघालीस तरी बाई तिथंच असतात. त्यांचं शालेय वर्ष वैशाखात सुरू होतं, म्हणजे आपल्या सुट्टीत तिकडं वर्ग भरलेले असतात. आणि निघायची तारीख मुलांना पहिल्या दिवशीच सांग.

आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, व्हिसा नाही. मनमाडहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा. पलीकडं भैरहवा, तिथून लुंबिनी जवळच, तेव्हा जातानाच बघून घे. मी होतो तेव्हा सुट्टी फक्त शनिवारची, रविवारी शाळा भरायची, त्यामुळं लांबच्या सहली सोडून दिल्या. शनिवारी पहाटे पोखऱ्याजवळच्या सारंगकोट टेकडीवर गेलो, की आभाळ मोकळं असेल तर अन्नपूर्णा आणि माछापुच्छ्रे ही हिमशिखरं समोर. जूनच्या मध्याच्या आत परत ये, पावसात तिकडच्या घाटात दरडी कोसळतात.

धागाकर्ती

सर, आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तारीख फळ्यावर लिहून ठेव, रोज पुसली तरी रोज लिही.” एजन्सीला नाही म्हणून कळवलंय. एकच राहिलं: माझ्या मतदार कार्डावरचा फोटो फार पुसट झालाय, सीमेवर चालेल का, की पासपोर्टच काढू?