एकदा उडी मारली की परत वर नाही: गेममधले धुरे ठेवायचे की काढायचे?

धुऱ्यावरचा
आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. म्हणून पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या लेजला, म्हणजे उडी मारायच्या कडेला, आम्ही भाऊ लहानपणापासून धुराच म्हणत आलो. वरून खाली उडी मारता येते, खालून वर चढता येत नाही. एवढंसं पोरगं आख्खा देश पायी पालथा घालतं आणि गुडघ्याएवढ्या बांधापुढे हात टेकतं! पण खेळताना हे कधी खटकलं नाही.

आता नवीन गेमांमध्ये कुठूनही कुठेही चढता येतं, त्यामुळे "असले अडथळे जुनाट झाले" असं जो तो म्हणून राहिला. मला ते पटत नाही. १९९६ च्या पहिल्या पोकेमॉनमधला रूट १, म्हणजे पहिल्या गावातून निघणारा रस्ता, आठवा. जाताना गवतातून वाट काढावी लागते, दर चार पावलांना एखादा रट्टाटा (उंदरासारखा पोकेमॉन) आडवा येतो. वरच्या गावातल्या दुकानात आपल्या गावच्या प्रोफेसर ओकचं पार्सल हातात पडतं आणि तेच घेऊन परत खाली यायचं असतं. येताना मात्र धुऱ्यावरून टुणटुण उड्या, गवत जवळपास लागतच नाही. कोणी काही समजावून न सांगता गेम तुम्हाला शिकवतो की जायची वाट आणि यायची वाट वेगळी असू शकते. तिथे सरळ पायऱ्या असत्या तर तोच रस्ता दोनदा तुडवला असता.

मी सध्या आरपीजी मेकर एमव्ही या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर एक छोटा गेम करून राहिलो. नकाशा नागपूरच्या सेमिनरी हिल्स आणि फुटाळ्यावर बेतलाय: वर टेकडी, खाली तलाव. मध्ये धुरे टाकतोय. मित्र म्हणतात काढून टाक. तुमचं काय म्हणणं?

कूलरसमोर
काढून टाक. मित्र बरोबर सांगून राहिले.

रूट १ चं कौतुक सगळेच करतात, रूट ४ चं कोणी बोलत नाही. २००३ च्या उन्हाळ्यात मामाच्या कॉम्प्युटरवर खेळत होतो. माउंट मूनच्या गुहेतून बाहेर पडलो, दिसला धुरा, मारली उडी. मग आठवलं की तिथली क्लेफेरी ही पोकेमॉन पकडायची राहिली. परत जायला रस्ताच नाही! पुढे व्हर्मिलियन गावापर्यंत जा, झाड कापायची चाल "कट" मिळव, डिगलेटच्या भुयारातून रूट २ ला नीघ, झाड काप, प्यूटर गाव, रूट ३, तेव्हा कुठे माउंट मूनचं पहिलं तोंड. एका उडीची एवढी शिक्षा? आणि उडी मारण्याआधी गेमनं एका शब्दानं विचारलं नाही. याला मी नकाशाची हुशारी म्हणणार नाही, खेळणाऱ्याचा वेळ खाणं म्हणीन.

तर्री जास्त
अबे भाऊ, नागपूरच्या महाल भागातल्या बोळीत कार घातली का पुढे जाऊनच वळवा लागते, रिव्हर्सचा विषयच नाही. दिवसभर तेच करून घरी येतो. गेममध्येही तेच पाहिजे काय? ब्रेथ ऑफ द वाइल्ड घ्या. २०१७ चा गेम आहे, डोंगर दिसला का चढला. विषय संपला.

धुऱ्यावरचा
@तर्री, संपला कुठे? त्यातही दम संपला की खाली पडतोस, आणि पाऊस आला की दगडावरून पाय घसरतो. अर्ध्या कड्यावर पाऊस लागला की तो थांबायची वाट बघत बसलेले लोक मला माहीत आहेत. तिथे अडथळा नसतो असं नाही, तो दम आणि हवामानात लपवलेला असतो. धुरा निदान समोर दिसतो.

@कूलरसमोर, तुझा राग समजतो. पण तू वाचत बसला नाहीस, उडी मारलीस. तो धुराच तर सांगत होता की आता पुढचा भाग सुरू.

कूलरसमोर
काय सांगत होता? रूट १ वरचा धुरा आणि रूट ४ वरचा धुरा दिसायला हुबेहूब सारखे. पहिला म्हणतो "ये, तुझा फेरा वाचवतो", दुसरा म्हणतो "आता बसा." एकच खूण, दोन उलटे अर्थ. रस्त्यावर असा बोर्ड लावला तर लोक मारतील.

मावशी लेव्हल ४२
धुऱ्यावरचे भाऊ, एक दुरुस्ती. "कोणी समजावून न सांगता" हे चुकलं तुमचं. रूट १ वर एक मुलगा उभा असतो, तो सांगतो की या कडेवरून उडी मारता येते, थोडी भीती वाटते पण घरी लवकर पोचता येतं. मला पक्कं आठवतं, कारण परवाच लेकीला वाचून दाखवलं.

लेक सात वर्षांची आहे. तिला उडी फार आवडते, त्या उडीचा आवाज आवडतो. पण प्रत्येक धुऱ्यापाशी थांबून मला विचारते, "आई, परत येता येईल ना?" आधी मी "हो गं" म्हणायची. दोनदा खोटी पडले. आता कन्सोल माझ्या हातात देते आणि म्हणते, तू मार उडी. हे त्या गेमचं यश म्हणायचं का अपयश, मला कळत नाही. पण कूलरसमोर म्हणतात ते दोन अर्थांचं तिलाही नेमकं कळलंय, एवढं खरं.

बर्डीचा बॅकएंड
जरा आतलं सांगतो. रेड-ब्लूचा, म्हणजे त्याच पहिल्या पोकेमॉनचा, उलगडलेला कोड लोकांनी उघड ठेवलाय, त्यात धुऱ्यांचा एक छोटा तक्ता आहे. खेळाडूचं तोंड कुठे, तो कोणत्या टाइलवर (नकाशाच्या चौकोनावर) उभा, पुढची टाइल कोणती आणि कोणतं बटण दाबलंय. दिशा तीनच: खाली, डावी, उजवी. "वर" नाहीच.

याचं कारण मला तरी कॅमेऱ्यात दिसतं. आपण नकाशा वरून पण किंचित खालच्या बाजूनं पाहतो, त्यामुळे खाली उतरणाऱ्या कड्याचा दर्शनी भाग दिसतो. वरच्या दिशेला उतरणारा कडा काढला तर तो टेकडीमागे लपेल. मग जवळपास सगळ्या उड्या खालच्या बाजूला, आणि नकाशा आपोआप उत्तरेकडे चढत जातो. पुढच्या पोकेमॉनचा, गोल्ड-सिल्व्हरचा (१९९९), रूट ४५ बघा, वरून खाली नुसती धुऱ्यांची घसरगुंडी. एका वाटेनं उतरलात की दुसऱ्या वाटेवरची वस्तू राहिली. फ्लाय करा (म्हणजे उडून आधीच्या गावी जा) नाहीतर लांबून फेरा मारा आणि पुन्हा उतरा.

मला आवडतो तो रूट, पण तिथं पोचेपर्यंत हातात फ्लाय असतो. रूट ४ ला नसतो. फरक तेवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

तर्री जास्त
बॅकएंड भाऊ, एवढं वाचून पोहे गार झाले.

धुऱ्यावरचा
मावशी, चूक कबूल. त्या मुलाला मी साफ विसरलो होतो.

आणि आता एक लपवलेली गोष्ट सांगतो. मागच्या रविवारी भाच्याला गेम खेळायला दिला. दुपारी लाइट जायच्या बेतात होती म्हणून मीच मागून ओरडलो, "सेव्ह कर, सेव्ह कर!" त्यानं केला. तेव्हा तो तलावाच्या काठावर होता. तीन बाजूंना धुरे, चौथीकडे पाणी, आणि नाव मिळते टेकडीवरच्या म्हाताऱ्याकडे. सेव्हची जागा एकच ठेवलेली. पोरगं कोपऱ्यात गोल गोल फिरलं, मग माझ्याकडे बघून म्हणालं, "मामा, हा जेल आहे का?" दीड तासाचा खेळ गेला.

तेव्हा कूलरसमोर, तुझं अर्धं मान्य. धुरा म्हणजे अर्धी वाट, उरलेली अर्धी नकाशात कुठेतरी काढलीच पाहिजे. माझी ती काढायची राहिली. पण म्हणून धुरा काढणार नाही.

बर्डीचा बॅकएंड
धुरा केलास कसा? एमव्हीत टाइलची चार दिशांची परवानगी वापरलीस तर एकतर्फी होतच नाही. इंजिन निघायची टाइल आणि पोचायची टाइल दोन्ही तपासतं, म्हणजे एक कड बंद केली की जाणं-येणं दोन्ही बंद.

धुऱ्यावरचा
त्यातच दोन संध्याकाळी घालवल्या रे! शेवटी इव्हेंट, म्हणजे त्या टाइलवर छोटी आज्ञा, टाकला. खेळाडू भिडला, तोंड खाली असेल तर जंप, वाय +२, म्हणजे दोन टाइल खाली. तोंड दुसरीकडे असेल तर काही नाही.

तर्री जास्त
मग डार्क सोल्ससारखं कर ना बे. त्यातल्या अनडेड बर्ग या भागात वरून लाथ मारून शिडी खाली पाडतो, त्यानंतर दोन्हीकडून चालते. २०११ चा गेम आहे, कोणी रडलं नाही. म्हणजे रडले, पण शिडीसाठी नाही.

धुऱ्यावरचा
हे जमेल. काठाकाठानं एक लांबची पायवाट काढतो, तिनं एकदा वर आलं की म्हातारा नाव देईल आणि धुऱ्यावरून दोर खाली सोडेल. त्यानंतर चढता येईल.

कूलरसमोर
दोर सोडल्यावर तो धुरा राहिला कुठे? म्हणजे शेवटी माझंच केलंस.

धुऱ्यावरचा
पहिल्या खेपेला आहे ना.

मावशी लेव्हल ४२
दोर खालूनही दिसू द्या, वर गुंडाळून ठेवलेला. लेक विचारेल तेव्हा मला बोट दाखवता येईल.

कूलरसमोर
मावशींचं ऐक. आणि सेव्हच्या जागा तीन कर आधी. मग मी खेळून बघतो, पण भाच्याच्या नंतर.