बॅटरी नवीन तरी लाल दिवा लागतोय, अल्टरनेटर गेला का?

घोडबंदरकर:
रोज कासारवडवली ते ऐरोली जातो. वायपर, एसी, हेडलाइट सगळं एकदम लावलं की लाइट मंद होतात आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतो. गॅरेजवाला म्हणतो अख्खा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) बदला. आधी काय चेक करू?

वाशीचा_वायरमन:
दादा आधी मल्टीमीटर लावा. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत, मग एसी लाइट लावून परत बघा, १३ च्या खाली उतरत गेला तर चार्जिंग होत नाहीये. पण अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल आहे का, त्याच्या मागच्या जाड वायरीचा नट आणि अर्थिंग गंजलंय का तेही बघा, आपल्याकडच्या पावसात हे होतंच. आणि प्लीज, इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघायचा जुना प्रकार कोणालाही करू देऊ नका, व्होल्टेज उसळून ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) जळू शकतो.

घोडबंदरकर:
चालू गाडीत १२.२ च येतायत, पट्टा आणि वायरी ठीक आहेत.

कळवेकर७७:
मग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे उघडून बघायला लावा. बऱ्याचदा आतले कार्बन ब्रश किंवा व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटरच गेलेला असतो, तेवढंच बदलून काम होतं. वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळलं असेल तर मात्र नवीन घ्या, अँपिअर मूळ अल्टरनेटरएवढेच हवेत. काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, नाहीतर पाना लागून शॉर्ट होईल. तोपर्यंत रात्री पावसात गाडी काढू नका, नुसत्या बॅटरीवर ती फार वेळ चालत नाही.