मदत हवी आहे: बेस गिटारवर द्रुत लयीसाठी उजव्या हाताची दोन बोटं की तीन?

नमस्कार मंडळी,

इथे बेस वाजवणारे कुणी असतील तर सल्ला हवा आहे. मी दादरला राहतो, नोकरी सांभाळून एका मेटल बँडमध्ये बेस वाजवतो. आमची नवी गाणी १७० बीपीएमची (मिनिटाला १७० मात्रा) आहेत. त्यांत दोन तऱ्हेचं काम येतं. काही ठिकाणी सलग चौगुन, म्हणजे प्रत्येक मात्रेत चार स्वर. काही ठिकाणी गॅलप, म्हणजे एक लांब आणि लगेच दोन आखूड.

सध्या तर्जनी आणि मध्यमा आलटूनपालटून वाजवतो. १४० पर्यंत स्वच्छ येतं. १५० च्या पुढे मनगटाच्या वरचा भाग ताठरतो आणि गाण्याच्या शेवटापर्यंत आवाज बारीक होत जातो. हिशेब केला तर १७० ला चौगुनीत सेकंदाला साधारण ११ स्वर होतात, म्हणजे दोन बोटांत प्रत्येकाला साडेपाचहून जास्त. अनामिका घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचारच्या आसपास. कागदावर फरक मोठा आहे.

पण अडचण अशी की मी लहानपणी तबला शिकलो आहे, त्यामुळे कान मात्रेच्या पहिल्या ठोक्यावर असतो. अनामिका-मध्यमा-तर्जनी असा फेरा चौगुनीत लावला की पहिला ठोका दर मात्रेला वेगळ्या बोटावर येतो आणि तीन मात्रांनी पुन्हा अनामिकेवर. तिन्ही बोटांचा आवाज सारखा नसल्यामुळे ऐकणाऱ्याला तिस्राचा (तीन-तीन स्वरांच्या गटांचा) भास होतो, आणि आमचा ड्रमर हमखास तिथेच वळून बघतो. गॅलपमध्ये मात्र हाच फेरा चपखल बसतो, कारण तिथे मात्रेत स्वरच तीन.

दुसरा पर्याय अनामिका-मध्यमा-तर्जनी-मध्यमा. चाराचा फेरा, त्यामुळे पहिला ठोका कायम अनामिकेवर. सध्या माझा कल इकडे आहे.

ॲलेक्स वेबस्टर आणि बिली शीहान हे नावाजलेले बेसवादक तीन बोटं वापरतात. पण आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसचा गॅलप मुख्यतः दोन बोटांचा आहे, आणि जेम्स जेमरसनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची ती सगळी गाणी एकट्या तर्जनीवर वाजवली. त्यामुळे दोन बोटांत अजून माझंच काही सुटायचं राहिलंय का, हेही कळत नाही.

पिक (तार छेडायची छोटी चकती) घे, असं गिटारवाले म्हणतात. ते मला नको आहे. दोन्ही गिटारी पिकवरच आहेत, आणि बोटाच्या मांसल भागातून येणारा भरीव आवाज किक ड्रमच्या शेजारी हवाच, असं माझं ठाम मत आहे.

चार तारांचा बेस, ४५ ते १०५ जाडीच्या तारांचा सेट, अंगठा पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी पट्टीवर) टेकवलेला. घरी रात्री हेडफोनवर रियाज होतो. तिथे सगळं छान ऐकू येतं, पण अंधेरीच्या जॅम रूममध्ये ड्रम सुरू झाले की अनामिकेचे स्वर गायब होतात.

कुठला फेरा पक्का करू? दोन्ही ठेवले तर हात गोंधळतो का?

प्रतिसाद

तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो चाराच्या फेऱ्याला लावून बघा. त्यात मध्यमा चारांपैकी दोन स्वर वाजवते. म्हणजे तिच्यावरचा भार दोन बोटांच्या पद्धतीइतकाच राहिला, आराम मिळाला तो फक्त तर्जनीला. वेग मध्यमेवर अडत असेल तर तो तिथेच अडेल. १७० च्या सलग चौगुनीसाठी मी तीनाचाच फेरा घेईन.

तिस्राच्या भासावर उपाय तुमच्या तबल्यातच आहे. लय ६० ला आणा, चौगुन तीनाच्या फेऱ्यात वाजवा आणि मात्रेचा पहिला स्वर मुद्दाम जोरात घ्या, तो ज्या बोटावर येईल त्यावर. मग जोर काढून टाका आणि तिन्ही बोटं सारखी ऐकू येईपर्यंत रेकॉर्ड करून ऐका. वेग त्यानंतर.

प्रतिसाद

दादा, आधी जोर कमी करा आणि ॲम्पचा आवाज वाढवा. ड्रमसमोर ऐकू येत नाही म्हणून आपण तार खोलवर ओढतो, बोट खाली अडकतं आणि परत यायला वेळ लागतो. ताठरणं बहुतेक त्यातूनच येतंय. मनगट वाकलेलं असेल तर सरळ करा. बेस थोडा खाली घेतला की ते सोपं जातं. अनामिकेच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) शेजारच्या बोटांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे ती मध्यमेइतकी मोकळी कधीच होणार नाही. तिच्याकडून ताकद मागू नका. बाकी दोघींना तिच्या पातळीवर आणा.

दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबायचं, हे मात्र नक्की.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मध्यमेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, त्यामुळे चाराचा फेरा बाजूला ठेवतो आणि ६० पासून सुरू करतो.

एक शंका उरते. दोन बोटांत वरच्या तारेवरून खालच्या जाड तारेवर येताना मी तेच बोट पुढे ओढून नेतो, एक हालचाल वाचते. तीनाच्या फेऱ्यात असं केलं की क्रम तुटतो. अशा वेळी तुम्ही क्रम तुटू देता, की तार बदलली तरी पुढचंच बोट लावता? आमच्या एका रिफमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीत) ए तारेवरून जाड ई तारेवर दर मात्रेला यावं लागतं, म्हणून विचारतोय.