अनुभव धागा: चाच्यांचं कॅम्पेन चालवताना कुठले नियम कामी आले?

टेबलावर फासे टाकून, पात्रं वठवत खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये समुद्री चाच्यांचं फँटसी कॅम्पेन (अनेक बैठकांत, म्हणजे सेशनमध्ये, चालणारी सलग कथा) चालवायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच: जहाजाचे नियम कुठून आणायचे? ज्यांनी हे टेबलावर चालवलंय त्यांनी इथे नेमकं लिहावं. कुठला नियम, किती आकडे, कुठे अडतं, त्यावर उपाय काय. सुरुवात मीच करतो.

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाची पाचवी आवृत्ती खेळत असाल तर 'घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श' (2019) या पुस्तकाच्या शेवटचं जहाजांचं परिशिष्ट पुरेसं आहे. त्यात होडीपासून युद्धनौकेपर्यंत सहा जहाजं आहेत. नेहमी लागणारं शिडाचं जहाज 100 फूट लांब, 20 फूट रुंद. 30 खलाशी, 20 प्रवासी. लढाईच्या एका फेरीत जहाजाला तीन कृती. खलाशी 20 च्या खाली गेले की दोन, 10 च्या खाली एक, तिघांपेक्षा कमी उरले तर एकही नाही. हा एक नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण मेलेला प्रत्येक खलाशी त्यामुळे मोजला जातो.

बहुतेक टेबलं, म्हणजे खेळणारे गट, अडकतात ती जहाज बुडवायच्या नादात. सांगाड्याचे 300 एचपी (किती नुकसान सोसेल ते गुण) आणि 15 चा थ्रेशोल्ड, म्हणजे 15 पेक्षा कमीचा फटका लागलाच नाही असं धरायचं. बॅलिस्टा (जहाजावरचं मोठं धनुष्ययंत्र) 3डी10, म्हणजे दहा बाजूंच्या तीन फाशांच्या बेरजेइतकं, नुकसान करतो. त्याच्या दर तीन फटक्यांतला एक फुकट जातो आणि जहाज बुडवायला सरासरी चोवीसेक अचूक फटके लागतात. तोवर सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले असतात. शिडाचं गणित बघा: एसी (नेम लागायला फाशावर लागणारा आकडा) 12, एचपी 100, थ्रेशोल्ड नाही. दर 25 नुकसानाला वेग 10 फुटांनी घटतो. दोन फटक्यांत वेग 45 फुटांचा 35 होतो, सहा-सात फटक्यांत शीड संपतं. तेव्हा शीड फाडा, गाठा, चढा. प्लेयरना हे पहिल्याच सेशनला उघड सांगून टाका.

*

प्रतिसाद १

वरच्याला जोडून अंतराबद्दल. बॅलिस्टाचा पल्ला 120/480 फूट. पाच फुटांच्या चौकटीवर 480 फूट म्हणजे 96 चौकटी, एवढं टेबल कोणाच्या घरी आहे? म्हणून तीन पट्टे करा: लांब, मध्यम, भिडलेलं. दर फेरीला दोन्ही सुकाणूवाल्यांनी फासा टाकायचा, जिंकेल त्याने एक पट्टा जवळ यावं किंवा दूर जावं. वारा फक्त या फाशावर लावा. वारा पाठीशी असेल तर अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा), तोंडावर असेल तर डिसअॅडव्हांटेज (लहान घ्यायचा). मूळ नियमात जहाजाच्या वेगात वाऱ्याविरुद्ध 15, वाऱ्याबरोबर 60 फूट असा फरक आहे, त्याचा अर्थ यात शाबूत राहतो.

भिडलं की बॅटलमॅप (लढाईचा चौकटींचा नकाशा) बाहेर काढा. त्याआधी नको.

सॅव्हेज वर्ल्ड्स हा दुसरा रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांना हे करावंच लागत नाही. त्यांच्या पाठलागाच्या नियमांत अंतर पत्त्यांवर मोजतात आणि किलवरचं पान आलं की अडचण उभी राहते. किलवर आला की खडक, तुटलेला दोर, वाळूचा दांडा यांपैकी काहीतरी, अशी सहा ओळींची यादी आधीच करून ठेवा. आयत्या वेळी सुचत नाही.

*

प्रतिसाद २

लुटीचा हिशेब हा खरा सेशनखाऊ. रेशमाचे तागे किती, मिरी किती पोती, भाव काय, यात तास जातो. 'स्कल अँड शॅकल्स' (पाथफाइंडर या खेळाचं चाच्यांचं तयार कॅम्पेन, 2012, सहा भाग) मधली पद्धत उचला, बाकीचं कॅम्पेन घेतलं नाहीत तरी चालेल. सगळा माल 'लूट' नावाच्या गुणांत मोजायचा, एक गुण साधारण 1,000 सोन्याची नाणी. शिवाय कुप्रसिद्धीचे वेगळे गुण असतात. लूट मारून ते मिळत नाहीत, बंदरावर जाऊन बढाई मारावी लागते. फाशाचं लक्ष्य 15 अधिक गटाच्या सरासरी लेव्हलच्या (पात्रं अनुभवाने चढतात त्या पायरीच्या) दुप्पट. लूट उधळली की त्या फाशाला बोनस मिळतो. म्हणजे दारूच्या गुत्त्यात पैसे उडवण्याला खेळात किंमत येते, ही मला या नियमांतली सर्वात हुशार गोष्ट वाटते.

पाथफाइंडरचे नियम 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या वेबसाइटवर फुकट आणि अधिकृत आहेत. डी अँड डीचा एसआरडी 5.1 (मूळ नियमांचा मोफत संच) जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे, पण जहाजांचं ते परिशिष्ट त्यात नाही, हे लक्षात ठेवा.

*

प्रतिसाद ३

वाटणीसाठी आणि शिस्तीसाठी खरा इतिहास वापरा. 1724 ला लंडनमध्ये छापलेला चाच्यांचा इतिहास प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आहे. त्यात बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्यांच्या कप्तानाच्या जहाजाचे करार आहेत: कप्तान आणि क्वार्टरमास्तर दोन वाटे, तोफांचा प्रमुख आणि बोसन (शिडं-दोरखंडांचा मुकादम) दीड, इतर अधिकारी सव्वा, बाकी एक. रात्री आठला दिवे बंद. हा कागद प्लेयरकडून पहिल्या सेशनला लिहून घ्या, प्रत्येकाची सही घ्या. पुढे भांडण झालं की डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मध्ये पडायचं नाही, कागद पुढे करायचा.

चाच्यांच्या जखमांची भरपाई एक्स्क्वेमेलिन या लेखकाने 1678 च्या त्यांच्यावरच्या पुस्तकात दिली आहे: उजवा हात 600 चांदीची नाणी, डावा हात किंवा उजवा पाय 500, डावा पाय 400, डोळा किंवा बोट 100. एका नाण्याला एक सोन्याचं नाणं धरलं तरी चालतं. ही रक्कम वाटणीच्या आधी काढायची. तुटलेला अवयव परत आणणारा मंत्र सातव्या पातळीचा असल्यामुळे खालच्या लेव्हलला या तक्त्याला खरंच वजन राहतं.

*

प्रतिसाद ४

कॅरिबियन सोडून कोकण घ्या, माल तयार आहे. आंग्र्यांच्या आरमारातला गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, 150 ते 300 टनांचं जहाज. नाळेवर पुढे तोंड करून दोन तोफा, बाजूंना लहान तोफा. गलबत त्याहून हलकं, 70 टनांच्या आत, 40-50 वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबाला ओढून नेत, शत्रूच्या पिछाडीला जात, आधी डोलकाठ्या आणि दोरखंडावर मारा करत, मग तलवारी घेऊन चढत. धागाकर्त्याने शिडाचं जे गणित मांडलंय, तेच कान्होजींच्या माणसांना अनुभवाने ठाऊक होतं. गुराबाला शिडाच्या जहाजाचे आकडे द्या, पण बॅलिस्टा फक्त पुढे रोखलेला ठेवा. गलबताला त्याच परिशिष्टातल्या लाँगशिपचे. निवांत वाऱ्याच्या दिवशी गलबत जिंकतं, सोसाट्यात गुराब.

पहाटे मतलई वारे जमिनीकडून, दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून. म्हणजे खाडीतून निसटायची वेळ पहाटेची. भरती-ओहोटी सुमारे सव्वासहा तासांनी बदलते. ओहोटीला कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जाता येतं, भरतीला नाही. चढाईचं अख्खं सेशन या एका घड्याळावर उभं राहतं. पावसाळ्यात समुद्र बंद, तो डाउनटाइम (मोहिमांमधली विश्रांती). नारळी पौर्णिमेला पुढचा अंक सुरू.

आणि दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, विसरू नका. आंग्रे परवाना देत, पोर्तुगीज कार्ताझ देत, इंग्रज स्वतःचा पास दाखवत. अडवलेल्या जहाजावर कोणाचा कागद निघतो, यावर प्लेयरनी तलवार उपसायची की सलाम करायचा, हे ठरतं. इंग्रज कान्होजींना चाचा म्हणत, छत्रपतींच्या दरबारी ते सरखेल (आरमारप्रमुख) होते. तुमचा गट नक्की कोण आहे, हे कागद विचारणारा ठरवेल.

*

प्रतिसाद ५

मंत्रांचे निर्णय आधी घेऊन ठेवा, नाहीतर भर लढाईत वाद.

फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र पात्राला पाचव्या लेव्हलला मिळतो. मंत्राच्या मजकुरात नुकसान प्राण्यांना आहे, वस्तूंना फक्त आग लागते. मग शीड जळतं किती? आमच्या टेबलावर चालणारा नियम: दर फेरीला 10 नुकसान, दोन खलाशी एक फेरी राबले की विझते.

पाणी निर्माण करणारा पहिल्या पातळीचा मंत्र 10 गॅलन देतो आणि माणसाला रोज एक गॅलन लागतं. म्हणजे 30 खलाश्यांना तीन स्लॉट (एक स्लॉट म्हणजे मंत्र एकदा वापरायची संधी). गटात क्लेरिक (असे मंत्र येणारा पुजारी) असेल तर पाणीटंचाईवर कथा रचू नका. लिंबं, दोर, दारूगोळा यांची टंचाई करा.

'गस्ट ऑफ विंड' हा वाऱ्याच्या झोताचा मंत्र 60 फुटांचा आणि एक मिनिटाचा आहे. त्यावर दिवसभर जहाज चालत नाही.

*

प्रतिसाद ६

जहाजाच्या बॅटलमॅपच्या छपाईपुरतं. एक इंच म्हणजे पाच फूट धरलं तर 100 फुटी जहाज 20 इंच होतं, म्हणजे साधारण 51 सेंटीमीटर. दोन ए4 कागद उभे जोडले की बसतं, रुंदी चारच इंच. प्रिंट काढताना '100 टक्के' निवडा. 'फिट टू पेज' राहिलं तर चौकटी लहान होतात आणि मिनिएचरचे (पात्रांच्या छोट्या बाहुल्यांचे) तळ एकमेकांवर चढतात. वरचा आणि खालचा डेक वेगळ्या कागदांवर काढा, जिना दोन्हींवर एकाच चौकटीत येतोय ना ते उजेडासमोर धरून तपासा.