राजाचं नाव कोरलंय म्हणून स्कॅरब (प्राचीन इजिप्तमधला शेणकिड्याच्या आकाराचा ताईत) त्याच राजाच्या काळातला?

नाईलकाठ: 'मेन-खेपेर-रे' हे इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस याचं राज्याभिषेकाचं नाव. लिहायला तीनच चिन्हं: सूर्याची तबकडी, सोंगट्यांचा पट आणि शेणकिडा. ती दिसली की लोक इ.स.पू. 1479–1425 असं लिहून मोकळे होतात. ही सवय सोडा. हा राजा गेल्यावरही कित्येक शतकं त्याच्या नावाचे ताईत घडत होते. पॅलेस्टाइनमधल्या लोहयुगाच्या (इ.स.पू. 1200 नंतरच्या) थरांतही ते निघतात. शिवाय 21व्या राजघराण्याच्या काळात (इ.स.पू. सुमारे 1070–945) थीब्ज शहरात अमून देवाचा एक महापुजारी होता, त्याचंही नाव हेच!

वेज_आणि_दोरा: इतकं सरसकट नको. तिसऱ्या आमेनहोतेप राजाचे मोठे स्कॅरब घ्या. सिंहांच्या शिकारीच्या लेखात राज्याच्या पहिल्या ते दहाव्या वर्षात राजाने स्वतःच्या बाणांनी मारलेले 102 सिंह मोजलेत. मितान्नीची राजकन्या गिलुखेपा त्याची राणी म्हणून आली तो लेख दहाव्या वर्षाचा, सोबतच्या 317 बायकांच्या आकड्यासकट. एवढा मजकूर चारशे वर्षांनी कोण कशाला कोरत बसेल?

नाईलकाठ: तिथे काळ मजकुरावरून ठरतो, निव्वळ नावावरून नाही. आणि ते स्कॅरब मोजके. वाद एक-दोन सेंटिमीटरच्या, तीन चिन्हांच्या हजारो ताइतांचा आहे.

शंखजिरे: दोघेही पोटच (खालची सपाट, कोरलेली बाजू) वाचताय. पालथा करा ना! डोकं, मानेमागची आडवी रेघ, पंखांमधली उभी रेघ, कडेचे पाय बघा. पंखांच्या खांद्यावरचे छोटे त्रिकोण 'नव्या राज्या'त (इजिप्तच्या 18 ते 20व्या राजघराण्यांच्या काळात) फार दिसतात.

मग दगड. शंखजिरं इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो, म्हणून कोरायला सोपं. कोरून, वेज पाडून, झिलई चढवून भाजलं की ते कडक होतं. ओल्या मातीत ही झिलई उडते आणि पांढरट-तपकिरी अंग उरतं. त्याला 'झिलई न दिलेला' म्हणणं ही नेहमीची चूक. भिंगाखाली खाचांचे तळ बघा, हिरवा-निळा अंश तिथे टिकतो.

वेज_आणि_दोरा: पाठही फसवते. जुना स्कॅरब मातीत दाबून साचा केला आणि त्यात फायान्स (गारेच्या भुकटीचा, भाजल्यावर झिलई येणारा लगदा) दाबला की जुनी पाठ नव्या काळात आली. कडा बोथट दिसतात एवढंच. नावाने निदान 'याच्या आधीचा नाही' ही एक हद्द तरी मिळते.

नाईलकाठ: ती हद्द मान्य. पण चिठ्ठीवर 'थुतमोसच्या काळातला' न लिहिता 'थुतमोसच्या नावाचा' लिहा.

शंखजिरे: थडग्यात मिळाला तरी थडगं त्याच काळातलं असं समजू नका. वेजाच्या तोंडाशी दोऱ्याने झिजून खोलगट घळ पडली असेल, तर तो पुरण्याआधी बराच काळ वापरात होता. नुकता घडवून पुरलेल्याची तीच कड धारदार असते.