अपंगांवरची डॉक्युमेंट्री अपंग माणसाशिवाय बनवूच नये, पटतं का?

रानवाटा: 'क्रिप कॅम्प' (२०२०) परत बघितली. न्यूयॉर्क राज्यातलं कॅम्प जेनेड हे अपंग मुलांचं उन्हाळी शिबिर, तिथली पोरं धमाल करतात, प्रेमात पडतात, भांडतात, आणि त्यातलीच काही जण १९७७ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत ठाण मांडून बसतात, अपंगांशी भेदभाव नको म्हणणाऱ्या अमेरिकी कायद्यातल्या कलम ५०४चे नियम लागू करा म्हणून, तीन आठवड्यांच्या वर हलत नाहीत. दोन दिग्दर्शकांपैकी जेम्स लेब्रेक्ट स्वतः त्या शिबिरातला, व्हीलचेअरवाला. म्हणूनच त्यात कुठे बिच्चारेपणा नाही. आपल्याकडे काय, तर मागे बासरी, आईचे डोळे पाणावलेले आणि शेवटी शाल-श्रीफळ. माझं सरळ मत, टीममध्ये निर्णय घेणारा अपंग माणूस नसेल तर असा विषय घेऊच नये.

पटावरचा उंट: अजिबात पटलं नाही. 'अल्गोरिदम्स' बघा, अंध मुलांच्या बुद्धिबळावरची, अख्खी ब्लॅक अँड व्हाइट. दिग्दर्शक इयन मॅकडोनल्ड ब्रिटिश आणि डोळस. पण जवळपास तीन वर्षं तो त्या मुलांच्या मागे राहिला. मुंबईचे चारुदत्त जाधव, स्वतः अंध, मुलांना घडवतायत. अंधांच्या पटावर काळी घरं जराशी उंच असतात, सोंगट्या खुंटीने भोकात बसतात, सगळा डाव बोटांनी वाचायचा. हे शांतपणे बघायला वेळ लागतो आणि तो त्याने दिला. त्यातला दर्पण इनानी २०२३ला हांगझोऊच्या पॅरा आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. डोळस माणसाने बनवायचीच नाही म्हटलं असतं तर ही फिल्म झाली असती का?

रानवाटा: तीन वर्षं देणारे किती असतात हो? बहुतेक जण दोन दिवस शूट करून जातात. जुलै २०२४ला सुप्रीम कोर्टानेही पडद्यावरच्या अपंगत्वाबद्दल निकाल देताना 'आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नको' हेच तत्त्व धरलं.

चिऊची आई: माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. तुम्ही ज्या शाल-श्रीफळवाल्या फिल्मला नावं ठेवताय ना, तसलीच एक बघून माझे सासरे पहिल्यांदा म्हणाले, हिला शाळेत घाला. प्रेरणा शब्द काढला की तुम्ही लोक तुटून पडता, पण घरात कुणाशीच बोलता येत नाही तेव्हा ती अर्ध्या तासाची फिल्मच आमच्या बाजूने बोलते.

रानवाटा: ताई, तुमच्या मुलीला शाळा मिळाली याचा मनापासून आनंद आहे. पण ऑस्ट्रेलियाची विनोदी कलाकार स्टेला यंग, तीही व्हीलचेअर वापरायची, २०१४च्या भाषणात सांगते, ती पंधरा वर्षांची असताना गावातले एकजण तिचं नाव पुरस्कारासाठी सुचवायला आले, आईवडील म्हणाले, पण हिने अजून काही केलंच नाहीये. चिऊलाही नुसतं शाळेत जाण्याबद्दल टाळ्या नकोच असतील.

चिऊची आई: टाळ्या नकोच आहेत, पण आधी दार तर उघडू दे.

स्क्रीनरीडर: मी पूर्ण अंध. दोन्ही बाजू वाचल्या (म्हणजे ऐकल्या). दिग्दर्शक कोण हा वाद तुम्ही घाला, मला आधी फिल्म कळू तरी दे! अंध गायकावरची एक डॉक्युमेंट्री लावली, मध्ये बराच वेळ नुसतं संगीत, पडद्यावर काय चाललंय ते कुणी सांगेना, ऑडिओ डिस्क्रिप्शनच नाही. मार्च २०२४ला केंद्राने थिएटरातल्या सिनेमांसाठी त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, पण असल्या छोट्या फिल्म थिएटरात येतातच कुठे. उंटभाऊ, तुमची ती बुद्धिबळाची फिल्म वर्णनासकट कुठे मिळत असेल तर लिंक द्या, मी खेळतो.

पटावरचा उंट: शोधतो. नाही मिळाली तर फोनवर सोबत बघू, मी सांगत जाईन.